जिन्याखालची जागा

सोलापूर,
६ एप्रिल २०२५

चि. गुलनाज हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नकाशा काल मिळाला. फोन करणार होतो, पण केला नाही. फोनवर बोललेलं उद्या कोणीही नाकारतं. मला एका प्रश्नाचं उत्तर तुझ्या सहीनिशी हवं आहे, म्हणून तूही कागदावरच लिही.

आपलं काय ठरलं होतं त्याची आधी आठवण करून देतो. विणकर सोसायटीचं ते जुनं सुताचं गोदाम आपण झगडून मिळवलं आणि तिथं अभ्यासिका उभी केली. छप्पर इतकं उंच की वरची निम्मी हवा फक्त पारव्यांच्या उपयोगाची. म्हणून तिथं मधला मजला घालायचा. आजचा कोपऱ्यातला लहानसा लोखंडी माळा, ज्यावर मुली बसतात, तो काढायचा आणि निम्म्या गोदामावर नवा प्रशस्त मजला करायचा. त्याचा जिना हॉलच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मुली मान वर करून, समोरून, सर्वांच्या देखत वर जातील, असा. हे मी पायाभरणीच्या सभेत बोललो आहे, आणि ऐकणाऱ्यांत तूही होतीस.

आणि तू काढलंस काय? जिना मागच्या बोळात! मागच्या दारातून आत, दोन्ही बाजूंना पत्रा, कोण चढलं कोण उतरलं कोणाला दिसू नये असा बंदिस्त. हा वाचनालयाचा जिना आहे की चोरवाट?

गुलनाज, कुठंतरी पाणी मुरतंय. वर्षभरापूर्वी माळा मुलींनी गच्च भरलेला असायचा. आता निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. विचारलं तर कोणी म्हणतं घरी पाहुणे आले, कोणी म्हणतं घरीच अभ्यास करते. मुलींना कोणीतरी घालवतं आहे. माझा संशय आपल्या कार्यवाहावर, संगमेशवर आहे. 'मुलींना वेगळं दार ठेवू, आबा, लोक नावं ठेवतात,' असं तो मागच्या बैठकीत म्हणाला होता. त्याला मी तिथंच गप्प केलं. आता तेच दार तुझ्या नकाशात उगवलं आहे.

इथली मुलं काय तोलामोलाची आहेत ते तुला ठाऊक नाही. माळ्याचा तो जाळीच्या पायऱ्यांचा जिना मी स्वतः चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याकडून मागून आणला. त्यांनी मोडीत काढला होता. जाळीतून उजेड खाली झिरपतो. त्या जिन्याखाली पंखा नाही, एप्रिलमध्ये नुसती भट्टी. तरीही सकाळी दार उघडलं की पोरं धावत जाऊन पहिले रुमाल तिथल्याच खुर्च्यांवर टाकतात! वर्धापनदिनाच्या भाषणात मी मोहोळच्या शिवराजला उभं केलं आणि म्हणालो, 'ज्याला पंखा नको, पुस्तक हवं, असा हा आमचा तपस्वी!' टाळ्या थांबेनात.

मुलींचं तर विचारूच नकोस. एकदा वर गेल्या की संध्याकाळपर्यंत खाली उतरत नाहीत, पाणी प्यायलासुद्धा नाही. करकंबची ऋतुजा परवा चक्कर येऊन पडली, इतकी तिची तंद्री. तिच्या वडिलांच्या ओसरीवर बसून मी त्यांना शब्द दिला आहे, की माझ्या अभ्यासिकेत तुमच्या मुलीच्या केसाला धक्का लागणार नाही. त्यांनी तिला या वर्षीच्या परीक्षेपर्यंत मुदत दिली आहे. त्याआधी काही वेडंवाकडं कानावर आलं तर ते तिला घेऊन जाणार. स्थळ बघून ठेवलेलं आहे.

तेव्हा सरळ सांग. जिना मागं न्यायला तुला कोणी सांगितलं?

तुझा,
आबाकाका

*

पुणे,
१३ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबाकाकांस गुलनाजचा सलाम आणि नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. तुम्ही पत्रातसुद्धा माईकसमोर उभे असल्यासारखे बोलता.

जिना मागं का नेला ते सांगते. मधला मजला म्हणजे अर्ध्या उंचीवर टांगलेला मजला. तिथं जाणारा जिना खाली जागा खातो आणि वरच्या मजल्यालाही भोक पाडतो. मधोमध घेतला तर दोन्हीकडच्या खुर्च्या जातात. शिवाय चढणाऱ्याचं डोकं जिथं वर येतं तिथंच गोदामाची जुनी तुळई आहे. उंच माणसाला वाकावं लागेल. पत्रा लावला तो आवाजासाठी. लोखंडी पायऱ्यांवर पाऊल पडलं की हॉलभर घुमतं. आणि मजला माणसांनी भरणार असेल तर आग लागल्यावर बाहेर पडायला मागची वाट हवीच.

संगमेशकाका मला भेटलेले नाहीत, त्यांचा फोनही आलेला नाही.

तुम्ही लिहिलंत की मुली पाण्यालाही खाली उतरत नाहीत. मी वरच पाण्याची सोय दाखवली आहे. बाकी काहीही खोडा, तेवढं मात्र खोडू नका.

माझ्यावर विश्वास ठेवा, एवढंच मागते.

तुमची,
गुलनाज

*

सोलापूर,
१९ एप्रिल २०२५

चि. गुलनाज,

मी शिडी लावून घेतली आणि तुळईपर्यंतची उंची मोजवली. जिना हातभर अलीकडून सुरू केला तर माझ्यासारख्या उंच माणसाचंही डोकं आपटत नाही. खुर्च्या जातात म्हणतेस, तर गेलेल्या खुर्च्या भिंतीकडेला बसतात. आवाज म्हणतेस, तर पायऱ्यांना रबर लावता येतं. आगीचं म्हणणं खरं आहे, पण आगीसाठी दुसरी वाट ठेवतात, रोजची वाट बंद करत नाहीत!

म्हणजे तू मला चार कारणं दिलीस आणि चारही खऱ्या कारणावर पांघरूण घालायला दिलीस. आयुष्यभर मी गिरणीमालकांची निवेदनं वाचली आहेत. न विचारलेल्या प्रश्नांची इतकी उत्तरं माणूस तेव्हाच देतो, जेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला द्यायचं नसतं.

बजाबाईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'पोरगी खोटं बोलायची न्हाय. पर काय तरी झाकतीया.' माझं बायकोशी क्वचितच एकमत होतं. आज झालं.

मग मी विचार केला, तू कोणासाठी झाकतेस? संगमेशसाठी नसशील. बाहेरच्या कोणासाठी नसशील. मग उरतं घर. तुझ्या सासरी जुनी वळणं आहेत असं कानावर येतं. तसं असेल तर स्पष्ट लिहितो, राग आला तरी चालेल. तुमच्या घरातला पडदा आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर टांगू नकोस. तुझ्या बापानं, शेखलालनं, तुला शिकवलं ते याचसाठी का?

येत्या चार मेला विश्वस्तांची बैठक आहे. तिथं मी हा नकाशा फेटाळणार. जिना मधोमधच होईल, आणि पायऱ्या जाळीच्याच होतील, म्हणजे खालच्या पोरांना उजेड मिळेल. जे कोणी यामागं आहेत त्यांची नावं मी त्या दिवशी भर सभेत विचारणार आहे.

आबासाहेब

*

पुणे,
२५ एप्रिल २०२५

माननीय अध्यक्ष महोदय,

तुमचं पत्र मी अम्मीला वाचून दाखवणार नव्हते. तिनं हातातून ओढून घेतलं. पडद्याच्या ओळीपाशी थांबली आणि म्हणाली, 'आबाभाई ऐसा लिखे? बुड्ढे हो गए की वो.' मग चष्मा काढून पुसत बसली.

माझ्या सासरी पडदा नाही. असता तरी मी तो नकाशात काढला नसता. नकाशा मी डोक्यानं काढते, आडनाव बघून नाही. तुमच्याकडून हे ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. बाहेर ऐकायची सवय आहे.

अब्बा तुमच्या सभांचे भोंगे बांधायचे. मी लहान असताना त्यांच्या पेटीजवळ बसायची. तुम्ही रंगात आलात की ते हळूच एक बटण फिरवून आवाज कमी करायचे. मी विचारलं, असं का करता? म्हणाले, 'आबाला आता लोक दिसत नाहीत, फक्त टाळ्या ऐकू येतात. थोडं कमी केलं की परत लोक दिसायला लागतात.' तुम्हाला हे कधी कळलंच नाही. तुम्हाला वाटायचं बॅटरी उतरली.

हो, मी झाकते आहे. माझी गोष्ट असती तर पहिल्याच पत्रात सांगितली असती. ती माझी नाही. ज्यांची आहे त्यांनी मला शपथ घातली आहे, आणि शपथ घालताना त्यांनी सगळ्यात जास्त भीती कोणाची बोलून दाखवली ठाऊक आहे? तुमची. 'आबांना सांगू नका मॅडम, ते भाषण करतील.'

चार तारखेला नकाशा फेटाळलात तर माझं नाव त्या कामावरून काढून टाका. जाळीच्या पायऱ्यांच्या नकाशावर मी सही करणार नाही. त्या पायऱ्या कारखान्यात योग्य असतात, तेल-पाणी खाली गळून जातं, पाय घसरत नाही. प्रत्येक चांगली वस्तू प्रत्येक जागी चांगली नसते.

त्याआधी एक करा. एखाद्या सकाळी दार उघडायच्या वेळी जा, तुमच्या तपस्व्यांच्या आधी. जिन्याखालच्या खुर्चीवर तुमचा रुमाल टाका. तोंडासमोर पेपर धरून बसा. मुली यायला लागल्या की वर बघा. काही बोलू नका. एवढं एकदा जमवा.

गुलनाज शेखलाल

*

सोलापूर,
३० एप्रिल २०२५

गुलनाज,

गेलो होतो.

डोक्याला टॉवेल गुंडाळला, पेपर उघडला आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. पोरं धावत आली. एकानं माझ्या खुर्चीजवळ येऊन पाय आपटले. 'कोण बसलंय रं माज्या जागेवर?' दुसरा म्हणाला, 'पेपरवालं म्हातारं दिसतंय. बस की शेजारी. म्हाताऱ्याला काय दिसतंय.' पहिला शिवराज होता. आवाज ओळखला. त्याच आवाजानं त्यानं वर्धापनदिनी माझे आभार मानले होते.

पुस्तकं उघडली गेली. एकाचंही पान उलटलं नाही.

मग मुली आल्या. सगळ्या एकदम, एकमेकींना चिकटून. पहिल्या पायरीपाशी थांबल्या. सगळ्यांत पुढच्या मुलीनं, वैष्णवीनं, दप्तर पाठीवरून काढून पुढं मांड्यांपाशी धरलं, ओढणीची दोन्ही टोकं मुठीत घेतली आणि कठड्याला पाठ घासत आडवी आडवी चढायला लागली. मी वर बघितलं. पोरी, मी तो जिना स्वतः आणला, त्याच्यावर नारळ फोडला, त्याच्यावर भाषण केलं, आणि त्याच्याखाली आज पहिल्यांदा बसलो. वरचं सगळं दिसतं. उजेड खाली झिरपतो म्हणालो होतो ना मी?

शेवटी ऋतुजा. ती मधल्या पायरीवर असताना शिवराजनं हात वर केला आणि पेनाचं टोक जाळीतून तिच्या चपलेला, तळव्यापाशी, टोचलं. ती ओरडली नाही. दचकलीसुद्धा नाही. फक्त पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवला, जसा आपण रोजच्या रस्त्यातला खड्डा चुकवतो. कोणीतरी खुसखुसलं.

ती पाण्याला का उतरत नाही ते मला कळलं. तिला चक्कर का आली तेही कळलं. उतरलं की परत चढावं लागतं.

आणि मी त्या पोराला तपस्वी म्हणालो. ती तेव्हा वर बसून ऐकत होती.

पेपर खाली ठेवून मी उठलो. टॉवेल तसाच होता, पोरांनी मला ओळखलं नाही. मी काही बोललो नाही, फक्त तू सांगितलं होतंस म्हणून. पण आता पुरे. चार तारखेला मी बोलणार. शिवराजला नावानं उभा करणार. पेपरवाल्यांना बोलावणार. गावोगाव हे चाललं आहे आणि लोक त्याला पोरांची गंमत म्हणतात! या गोष्टीवर मी असा बोलेन की गोदामाचे पत्रे हलतील.

एक गोष्ट मात्र तुलाही विचारतो, आणि ती मला तू उत्तर दिल्याशिवाय सोडणार नाही. बघणारे ते, टोचणारे ते, आणि मागच्या बोळातून मुलींनी जायचं? गुन्हा एकाचा आणि वळसा दुसऱ्यानं घालायचा? पत्र्याच्या आड लपून वर जायला त्यांनी काय चोरी केली? तुझं कारण खरं आहे, गुलनाज, पण तुझा जिना खोटा आहे.

पडद्याची ती ओळ मी लिहिली. खोडायला ती आता माझ्याकडे नाही. तुझ्या अम्मीला, कमरबीला, तोंड दाखवायला येईन तेव्हा येईन.

आबाकाका

*

पुणे,
२ मे २०२५

आबाकाका,

सकाळपासून फोन लावते आहे, तुम्ही उचलत नाही. भाषण लिहीत बसला असणार. म्हणून हे सोलापूरच्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे. अम्मी परवाच इथून सोलापूरला परतली, ती स्टँडवरून घेऊन स्वतः तुमच्या घरी येईल. तिनंच यायचं ठरवलं, मी सांगितलं नाही.

बोलू नका.

तुम्ही बोललात तर टाळ्या पडतील. दुसऱ्या दिवशी पेपरात येईल. तिसऱ्या दिवशी करकंबला ऋतुजाचे वडील तो पेपर वाचतील आणि चौथ्या दिवशी ती घरी असेल. शिवराज कुठंही जाणार नाही. त्याचे काका येतील, पोरांचं वय आहे म्हणतील आणि तो तिथंच अभ्यास करेल. तिचं नाव तुम्ही घेतलं नाहीत तरी माळ्यावर बसणाऱ्या मुली किती उरल्यात? सगळ्यांच्या घरी कळेल. घरचे माळ्याला टाळं लावणार नाहीत, मुलींना लावतील.

मापं घ्यायला आले होते तेव्हा वैष्णवीनं टेपचं दुसरं टोक धरलं होतं. हळूच म्हणाली, 'मॅडम, नवा जिना पण जाळीचाच करणार काय?' मी म्हटलं, का गं? तिनं टेपकडे बघत राहून सगळं सांगितलं. ऋतुजा मागं उभी होती. ती एकच वाक्य बोलली. 'मला फकस्त परीक्षेपर्यंत वर बसू द्या.'

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुमचं बरोबर आहे. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी घाईघाईनं हा नकाशा काढला. मी जिना काढला नाही, लपायची जागा काढली. कॉलेजला जाताना मीही असेच वळसे घालत असे. हात त्याच वाटेनं गेला.

नवा नकाशा सोबत आहे. जिना मधोमध, तुम्ही म्हणता तसा, हातभर अलीकडून सुरू होणारा. दोघी शेजारी शेजारी चढू शकतील इतका रुंद. मध्ये थांबायला एक चौथरा. पायऱ्या अखंड पत्र्याच्या, त्यावर काँक्रीट. दोन पायऱ्यांमधली उभी फटही बंद. कठडा कमरेपर्यंत भरीव, त्याच्या वर मोकळा, म्हणजे चढणारीचा चेहरा सगळ्यांना दिसेल आणि दुसरं काही दिसणार नाही. जिन्याखालची जागा भिंतीनं बंद. मागचा जिना राहू द्या, पण तो आगीसाठी, सगळ्यांसाठी, आणि दार बाहेर उघडणारं.

कारण न सांगता हा नकाशा मंजूर करून घ्यायचा आहे. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला वाईट भाषण करावं लागेल. जमेल?

गुलनाज

*

सोलापूर,
११ मे २०२५

चि. गुलनाज हिस आशीर्वाद.

कमरबी आली. चिठ्ठी माझ्या हातात ठेवली, पाणी प्यायली, बजाबाईशी बोलली. माझ्याशी बोलली नाही. जाताना दारात म्हणाली, 'शेखलाल होते तो आवाज कम करते. अब तुम्हीच करो.'

मी भाषण फाडलं. चांगलं झालं होतं.

बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, 'जाळीच्या पायऱ्यांत माझी काठी अडकते. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला वर जाता येत नाही. पायऱ्या भरीव करा.' एवढंच. संगमेश माझ्याकडे बघतच राहिला. 'आबा, काठी? कवापासनं?' मी म्हणालो, आत्तापासून. 'आन मागच्या नकाशावर एवढं पेटला हुता, त्याचं काय झालं?' मी म्हणालो, पेट विझला. लोक हसले. मलाही हसावं लागलं.

मग विचारलं गेलं की जिन्याखालची जागा भिंतीनं बंद कशाला, वाया जाईल. तुझ्या नकाशात मी एक बदल केला आहे, तो बघ. तिथं भिंत नको, माझं टेबल ठेवा, म्हणालो. अध्यक्ष रोज सकाळपासून तिथं बसेल. आता गावात बोललं जातं आहे, की आबांना केबिन पाहिजे होती, म्हणून हा सगळा खटाटोप. संगमेश एकाला माझ्यामागं सांगत होता, 'माणूस आयुष्यभर खुर्चीविरुद्ध बोलला. शेवटाला खुर्चीच मागितली की.' मी ऐकलं. मान वळवली नाही. संशय अंगावर घेऊन गप्प बसणं कसं असतं ते मला तुझ्यामुळं कळतं आहे, आणि तू ते महिनाभर केलंस.

घरी येऊन बजाबाईला विचारलं, तुला माहीत होतं? ती भाकरी थापत होती. 'तुमच्या जिन्यावर मी उद्घाटनाला एकदाच चढले. परत कवा आले का?' मी म्हणालो, मला वाटलं तुझे गुडघे. ती म्हणाली, 'गुडघं बरं हाईत माजं. तुमी कवा इचारलं न्हाय, मी कवा सांगितलं न्हाय.'

शिवराजला बोलावून घेतलं. दार लावलं. भाषण केलं नाही. 'त्या दिवशी पेपरवाला म्हातारा मी होतो,' एवढंच म्हणालो. त्याचा चेहरा पांढरा पडला. 'आबा, घरी सांगू नका.' बघ, त्यालाही घराचीच भीती! मी म्हणालो, 'सांगणार नाही. पण ते तुझ्यासाठी म्हणून नाही. उद्यापासून तुझी जागा दाराजवळच्या पंख्याखाली. अभ्यासिका सोडायची नाही. रोज यायचं आणि मला दिसेल असं बसायचं.' बाकीची पोरं आपोआप पांगली. जुना जिना दुसऱ्याच दिवशी उतरवला. काम होईपर्यंत मुली खाली, पुढच्या रांगेत बसतात. काठी अडकते म्हणून.

आबाकाका

*

पुणे,
२० जुलै २०२५

तीर्थरूप आबाकाकांस,

संगमेशकाकांचा फोन आला होता. आधी जिन्याच्या रंगाबद्दल बोलले, मग विचारलं, 'खरं सांगा मॅडम, केबिनचं आबांनीच सांगितलं की तुमचंच डोकं?' आवाजात संशय होता, थोडं दुःखही होतं. त्यांना तुमच्याबद्दल आदर आहे, काका. तो जातोय हे त्यांना आवडत नाहीये. आणि वेगळ्या दाराचं ते का म्हणाले होते तेही कळलं. त्यांची पुतणी तुमच्या माळ्यावर यायची, तिनं यायचं सोडलं, कारण सांगितलं नाही. त्यांना वाटलं लोक बोलत असतील.

तुम्ही त्यांच्यावर उगाच संशय घेतलात. मी त्यांना खरं सांगू का? ते कोणाला बोलणार नाहीत.

तुम्ही पत्र का लिहीत नाही? पायरीची उंची सगळीकडे सारखी आली का ते बघा. एक जरी पायरी कमीजास्त झाली तर माणूस तिथंच अडखळतो.

गुलनाज

*

सोलापूर,
१७ ऑगस्ट २०२५

चि. गुलनाज हिस अनेक आशीर्वाद.

संगमेशला सांगू नकोस. परीक्षेनंतर मीच सांगेन, त्याच्या घरी जाऊन. तोवर त्याचा संशय माझ्याकडे सुरक्षित आहे.

पायऱ्या सगळ्या सारख्या आल्या. मी प्रत्येकीवर उभा राहून बघितलं. वरचा पाण्याचा नळ तेवढा अजून यायचा आहे.

पण गेल्या आठवड्यात जे झालं ते सांगतो. ऋतुजाचे वडील आले. न कळवता, थेट करकंबहून. हॉलमध्ये उभे राहिले, जिन्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्या टेबलापुढं बसले.

'आबासाहेब, लोकं म्हंत्यात चांगला जिना काढून दुसरा घातला. असं काय झालं हुतं?'

ऋतुजा पहिल्या पायरीवर होती. हातात पाण्याची बाटली. तिथंच थबकली.

मी म्हणालो, 'माझी काठी अडकायची.'

'तुमी आमच्या ओसरीवर आला तवा काठी नव्हती.'

'आता लागते.'

त्यांनी टेबलाला टेकवलेली काठी बघितली. तिचं खालचं रबर अजून नवं कोरं आहे, ते बघितलं. माझ्या पायांकडे बघितलं. गुलनाज, मी हजारोंच्या सभेपुढं कधी घाबरलो नाही. त्या एका माणसाच्या नजरेपुढं घाबरलो. मी त्यांना दिलेला शब्द कधीच मोडला होता, आणि ते त्यांना कळू नये म्हणून मी त्यांच्यासमोर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन बसलो होतो.

मग ते वळून मुलीला म्हणाले, 'हितं काय उभी राहिलीस? जा की वर. का पायरी जड जातीया?'

'न्हाय आण्णा,' ती म्हणाली आणि चढून गेली. समोर बघून, हात मोकळे सोडून. बाटली घेऊन ती त्या दिवशी किती वेळा खाली-वर झाली, मी मोजलं नाही.

तिचे वडील उठताना म्हणाले, 'परीक्षेपर्यंत ऱ्हाऊ द्या.' आणि दारातून परत वळून, 'काठी जपून वापरा आबासाहेब. नवी हाय.' त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मला माहीत नाही. तू म्हणशील त्यांना सगळं कळलं. मला वाटतं त्यांनी काही कळून घ्यायचं नाही असं ठरवलं.

परवा, स्वातंत्र्यदिनाला, जिन्याचं रीतसर उद्घाटन झालं. माईक माझ्यापुढं आणला. मी म्हणालो, 'जिना झाला आहे, चढा.' आणि बसलो. लोकांना वाटलं बॅटरी उतरली.

जिन्याखाली पंखा बसवायचा राहिला आहे. भट्टी तशीच आहे. मी बसवूनही घेत नाही. तपस्वी म्हणून एकाला भलतंच नाव दिलं होतं, ते थोडं फेडतो आहे. बजाबाई म्हणते धडधाकट माणूस काठी घेऊन हिंडतो, लाज कशी वाटत नाही. काल मात्र ती आली आणि जिना चढून वर जाऊन बसली. मुलींनी तिला चहा दिला.

आज सकाळी मला थोडा उशीर झाला. टेबलापाशी आलो तर माझ्या खुर्चीवर रुमाल टाकलेला. पांढरा, घडी घातलेला, कडेला निळी शिलाई. खुर्ची कोणीतरी धरून ठेवली होती. पोरांनी चेष्टा केली असेल, असं आधी मनात आलं. तुला माहीत आहे, मला आधी तेच येतं. वर बघितलं तर जिना भरीव, काहीच दिसत नव्हतं. फक्त पावलांचा आवाज येत होता.

रुमाल कोणाचा, हे मी कोणालाही विचारलं नाही.

तुझा,
आबाकाका